प्रोटेक्टर मारूनही सोफ्यात चहा मुरतो? दुसरी बाटली आणण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या तोंडावर सोफा शॅम्पूने धुऊन घेतला. वरून फॅब्रिक प्रोटेक्टर, म्हणजे सांडलेलं द्रव कापडात मुरू न देणारा फवारा, मारला. पहिले आठ-दहा दिवस पाण्याचे थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कप कलंडला तेव्हा मात्र चहा थेट कापडात मुरला. मग नवी बाटली आणली, पुन्हा फवारली, आणि होळीपर्यंत पुन्हा तेच. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, सोफा-गालिचांच्या बाबतीत ही तक्रार सारखी कानावर येते.

तिचं मूळ बाटलीत क्वचितच सापडतं. ते सापडतं त्याआधी झालेल्या धुलाईत. कापडात शॅम्पूचा अंश राहिला असेल तर त्यावर कितीही महागडा प्रोटेक्टर मारा, त्याचा जोर टिकत नाही. तेव्हा आधी बाटलीचे पैसे खर्च करू नका, आधी थेंब टाकून बघा.

साबण आणि प्रोटेक्टरचं का जमत नाही

द्रव कापडात मुरणार की वर गोळा होऊन बसणार, हे दोन गोष्टींवर ठरतं: द्रवाचा पृष्ठताण, म्हणजे थेंब गोळा करून धरणारी ओढ, आणि धाग्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरवून घेण्याची धाग्याची ओढ. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, खाद्यतेलाचा तीस-बत्तीसच्या घरात. धाग्याची पृष्ठऊर्जा याच्या बरीच खाली नेली की द्रव पसरत नाही. फ्लोरोरसायनांचा, म्हणजे फ्लोरिन असलेल्या रसायनांचा, थर ती २० च्याही खाली आणतो, म्हणून त्यावर पाण्याबरोबर तेलही अडतं. सिलिकोन किंवा मेणावर आधारलेले प्रोटेक्टर पाणी चांगलं अडवतात, तेलाला मात्र वाट देतात.

साबणाचं काम याच्या नेमकं उलटं. तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत औषध मारताना टाकीत स्प्रेडर घालतात, तो थेंब पानावर गोळा न होता पसरावा म्हणून. सोफ्याच्या कापडात राहिलेला शॅम्पू हा असाच स्प्रेडर आहे. चहा सांडला की तो अंश त्यात विरघळतो, चहाचा पृष्ठताण खाली आणतो आणि त्याला धाग्यात ओढून घेतो. शिवाय साबणाच्या थरावर बसलेला प्रोटेक्टर धाग्याला धरतच नाही. बसण्या-उठण्याच्या घर्षणाने तो थरासकट निघून जातो. सुटी कव्हरं मशीनमध्ये धुताना फॅब्रिक कंडिशनर घातला असेल तरी हाच परिणाम होतो.

म्हणूनच शेतातला फवारणी पंप या कामाला घेऊ नका, अगदी तीनदा विसळला असला तरी. त्यात स्प्रेडरचा अंश राहतो आणि कीटकनाशकाचाही. ज्या सोफ्यावर लेकरं लोळणार तिथे तो पंप नकोच. दीड-दोन लिटरचा नवा हातपंप घ्या आणि त्यावर मार्करने नाव लिहून वेगळा ठेवा.

तीन थेंबांची परीक्षा

लागणारं सामान: ड्रॉपर, आरओचं पाणी, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थोडं पांढरं पॅराफिन तेल. खायचं तेल घेऊ नका, त्याचा पिवळा डाग राहील. अल्कोहोल ५ मिली आणि पाणी ३० मिली एकत्र केलं की साधारण १० टक्क्यांचं मिश्रण होतं. कापड उद्योगात एएटीसीसी या अमेरिकी संस्थेची १९३ क्रमांकाची चाचणी याच तत्त्वावर करतात: अल्कोहोलचं प्रमाण वाढवत नेलेल्या मिश्रणांचे थेंब टाकायचे आणि १० सेकंदांत कुठला थेंब मुरतो ते बघायचं. तेलासाठी एएटीसीसी ११८ आहे, तिथे ३० सेकंद थांबतात. घरी एवढ्या पायऱ्या लागत नाहीत, तीन थेंब पुरतात: पाण्याचा, अल्कोहोलच्या मिश्रणाचा आणि तेलाचा.

थेंब चार ठिकाणी टाका: हाताच्या टेकूवर, बसायच्या जागेच्या मध्यावर, पाठीवर, आणि सोफ्याच्या मागच्या बाजूला खाली, जिथे कुणी बसत नाही नि टेकत नाही. तेलाचा थेंब फक्त या मागच्या जागी टाका आणि वेळ संपताच टिश्यूने टिपून घ्या.

साधं पाणीच दहा सेकंदांत मुरलं तर त्या जागी संरक्षण उरलेलं नाही. पाणी टिकलं पण अल्कोहोलचं मिश्रण मुरलं तर थर आहे, पण विरळ आहे. हे दोन्ही टिकले आणि तेल मुरलं तर तुमचा प्रोटेक्टर सिलिकोन किंवा मेणाचा आहे. मग दुधाच्या चहाने आणि रश्श्याने त्याची फजिती होणारच. तिन्ही थेंब टिकले तर प्रोटेक्टर शाबूत आहे आणि डागाचं कारण दुसरीकडे आहे, त्याकडे पुढे येऊच.

आता जागांची तुलना करा. मागच्या, न वापरलेल्या जागीही पाणी मुरत असेल तर चूक धुण्यात किंवा फवारणीत आहे. तिथे थेंब टिकतो आणि टेकूवर मुरतो असं असेल तर थर घर्षणाने आणि अंगाच्या तेलाने गेला आहे. या दोन दोषांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

एक सावधगिरी. घट्ट विणीच्या पॉलिस्टरवर काहीच न मारता सुद्धा पाण्याचा थेंब थोडा वेळ उभा राहतो. गादीच्या खालच्या बाजूला, जिथे फवारा पोचला नाही, तिथे एक थेंब टाकून तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

साबण राहिलाय का, ते कसं कळणार

पांढरा सुती रुमाल साबणाशिवाय गरम पाण्यात दोन-तीनदा पिळून घ्या. मग तो आरओच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, तळहाताएवढ्या जागेवर मिनिटभर दाबून धरा आणि थोडा घासा. पारदर्शक बाटलीत १०० मिली आरओचं पाणी घेऊन त्यात हा रुमाल खळबळा आणि पिळून काढा. बाटलीला झाकण लावून दहा वेळा जोरात हलवा. वर आलेला फेस मिनिटभरानंतरही टिकून असेल तर कापडात साबण आहे. आणखी एक खूण हाताला कळते: सुकलेलं कापड किंचित चिकट किंवा कडक लागतं, आणि धुतल्यावर महिन्याच्या आतच सोफा पुन्हा काळवंडतो. उरलेला साबण धूळ धरून ठेवतो, त्याचा हा परिणाम.

आपल्या भागात पाण्याचाही यात वाटा आहे. मिरज, वाळवा, पलूसच्या नदीकाठच्या सिंचनाच्या पट्ट्यात जमिनी खारावल्या आहेत आणि तिकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात साबण पुरता विरघळत नाही, त्याचा पांढरट चिकट साका होतो आणि तो धाग्यात अडकतो. नुसतं जड पाणी सुकलं तरी क्षारांची गोल कडा उमटते. गडद रंगाच्या सोफ्यावर ती कडा डागापेक्षा वाईट दिसते. धुलाई बोअरच्या पाण्याने झाली तरी चालेल, पण शेवटचा हात आरओच्या किंवा गाळून साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा असू द्या.

साबण काढण्याची पद्धत

सोफ्याचा टॅग आधी वाचा. त्यावर एस लिहिलं असेल तर ते कापड पाण्याने धुवायचं नाही, एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम करायचा. डब्ल्यू किंवा डब्ल्यूएस असेल तरच पुढचं करा.

एक लिटर कोमट पाण्यात ५० मिली पांढरा व्हिनेगर घाला आणि लपलेल्या जागी पांढऱ्या रुमालाने घासून रंग सुटत नाही ना ते बघा. व्हिनेगर शॅम्पूतला अल्कलीपणा मारतो. साबण मात्र त्याने नाहीसा होत नाही, तो पाण्याबरोबरच बाहेर निघायला हवा. म्हणून हे मिश्रण हलकं फवारा, पाच मिनिटं थांबा आणि ओल्या-सुक्या व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग साध्या आरओच्या पाण्याचे दोन हात, प्रत्येक वेळी व्हॅक्यूमने पूर्ण ओढून. कापड ओलं व्हावं, आतला फोम भिजू नये. व्हॅक्यूम नसेल तर कोरडा जाड टॉवेल अंथरून त्यावर उभं राहून दाबा, टॉवेल बदलत रहा. वेळ लागतो, पण जमतं. सुकल्यावर फेसाची चाचणी पुन्हा करा. फेस मिनिटाच्या आत विरला तर पुढे जा, नाहीतर आणखी एक हात घ्या.

सोफा बाहेरून धुऊन घेणार असाल तर काम सुरू व्हायच्या आधीच सांगा: "दादा, शॅम्पू लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्माच घाला, आणि शेवटचे दोन हात नुसत्या पाण्याचे घ्या." फेस जास्त म्हणजे धुलाई चांगली ही समजूत दोन्ही बाजूंनी सोडायला हवी. जो फेस बाहेर काढता येत नाही तो सोफ्यातच राहतो.

फवारणीत होणाऱ्या चुका

सर्वांत महाग पडणारी चूक दुसऱ्या हाताची. पाण्यात बनवलेला प्रोटेक्टर पहिला हात सुकल्यावर पुन्हा मारला तर तो पहिल्या थरावरच गोळा होतो. पाणी अडवायचं हेच तर त्या थराचं काम आहे. हे थेंब जागच्या जागी सुकतात आणि पांढरे ठिपके उमटतात. म्हणून दोन्ही हात ओल्यावर ओले द्यायचे: पहिला आडवा, दोन-तीन मिनिटांत दुसरा उभा. सॉल्व्हंटमधला, म्हणजे पाण्याऐवजी झटकन उडून जाणाऱ्या द्रावकात बनवलेला, प्रोटेक्टर पहिला हात सुकल्यावरही घेता येतो.

दुसरी चूक मापाची. नळी दाबत राहायची आणि अंदाजाने थांबायचं, असं केलं तर टेकू चिंब होतात आणि बसायची जागा कोरडी राहते. आधी क्षेत्रफळ काढा. तीन जणांच्या सोफ्यावर बसायची जागा, पाठ, आतले-बाहेरचे टेकू आणि पुढची पट्टी धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट कापड दिसतं. पाण्यातल्या तयार प्रोटेक्टरला चौरस फुटाला ७ ते १० मिली लागतात, म्हणजे अशा सोफ्याला ३५० ते ६०० मिली. लेबलवर वेगळं माप असेल तर तेच धरा. तेवढंच द्रव पंपात भरा आणि सोफ्याचे मनातल्या मनात चार भाग करा. एका भागावर पंपाची पाव पातळी उतरली पाहिजे. जाड गालिच्याला मापाची वरची बाजू लागते, कारण धागा उभा असतो आणि द्रव त्याच्या बुडापर्यंत जायला हवं.

नळी कापडापासून २० ते ३० सेंटिमीटर दूर धरा. जवळून मारलं तर डबकं होतं, फार दूरून मारलं तर निम्मं हवेत उडून जातं. गालिच्यावर फवारल्यावर लगेच मऊ ब्रशने धागे एकदा उलटे, एकदा सुलटे विंचरा. नाहीतर नुसती टोकं झाकली जातात आणि चार पावलांत उघडी पडतात. मखमली किंवा शेनिल कापडावर शेवटचा ब्रश एकाच दिशेने फिरवा, नाहीतर सुकल्यावर सावल्या दिसतात.

कापड किती कोरडं हवं, हे बाटलीवर अवलंबून आहे. पाण्यातला प्रोटेक्टर नुकत्याच धुतलेल्या, हाताला ओलसर लागणाऱ्या गालिच्यावर चालतो. निथळणाऱ्या गालिच्यावर मात्र तो पातळ होऊन खाली उतरतो. सॉल्व्हंटच्या बाटलीला ठणठणीत कोरडं कापडच लागतं.

पांढरे ठिपके आलेच असतील तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका. न गेल्यास अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन रुमाल दमट करा आणि टिपत जा, घासू नका. सुकल्यावर पुन्हा थेंबाची परीक्षा घ्या. कापड हाताला चिकट लागत असेल तर प्रोटेक्टर जास्त झाला आहे आणि तो धूळ ओढणार. पाण्यातल्या प्रोटेक्टरचा जादा थर याच पद्धतीने बराचसा निघतो. सिलिकोनचा निघणं कठीण, म्हणूनच गालिच्यावर सिलिकोनचा स्प्रे मारूच नये.

सुकवणं आणि ऋतू

हाताला कोरडं लागलं म्हणजे काम झालं असं धरू नका. सोफा ६ ते १२ तास, जाड गालिचा २४ तास पंख्याखाली ठेवा आणि त्यानंतर आणखी एक दिवस त्यावर बसू-चालू नका. थर या काळात धाग्यावर पक्का बसतो. दुसऱ्या दिवशी कापड पूर्ण सुकल्यावर हेअर ड्रायर मध्यम आचेवर २० सेंटिमीटरवरून फिरवला तर फ्लोरोरसायनाचा थर अधिक चांगला बसतो. सॉल्व्हंटचा वास येतोय तोवर मात्र ड्रायरला हात लावू नका, आग लागेल.

सातारा, वाई, महाबळेश्वर या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. हवाच ओली असते, फोम दोन-दोन दिवस सुकत नाही आणि कुबट वास धरतो. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. फक्त ऊसतोडीच्या दिवसांत जवळपास पाचट पेटवलेलं असेल तर त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. ओल्या कापडावर बसलेली काजळी थराखाली अडकते, मग पुन्हा धुण्यावाचून गत्यंतर नाही. जत, आटपाडीकडे उलटी अडचण असते. कापड झटपट सुकतं, पण धूळ इतकी की फवारणीआधीचा व्हॅक्यूम सावकाश, दोन दिशांनी केला नाही तर प्रोटेक्टर धाग्याऐवजी धुळीला चिकटतो.

टेकू आणि डोकं टेकायची जागा

इथे दोष घर्षणाचा आणि खोबरेल तेलाचा. वरून पुन्हा प्रोटेक्टर मारणं म्हणजे तेलाच्या थरावर रंग देण्यासारखं आहे. ७० टक्के अल्कोहोलमध्ये रुमाल दमट करून तेल टिपून काढा, रुमालाची बाजू बदलत रहा. मग साध्या पाण्याचा हात, पूर्ण सुकवणं, आणि फक्त तेवढ्या जागेला प्रोटेक्टर. या जागांना दर चार-सहा महिन्यांनी हात लागणारच, बाकीचा सोफा वर्षभर थांबू शकतो. डोक्याखाली धुता येणारा नॅपकिन घातला तर हे काम निम्म्यावर येतं.

प्रोटेक्टर शाबूत आहे, तरी डाग येतो

तिन्ही थेंब टिकतात, पण पुसलेला डाग दोन दिवसांनी त्याच जागी वर येतो. हा डाग नवा नसतो. आधी फोममध्ये किंवा गालिच्याच्या बुडात उतरलेला चहा सुकताना धाग्यातून वर चढतो. थोडं आरओचं पाणी फवारा, वर पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून पाट्याएवढं वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. डाग टॉवेलमध्ये चढेल. दोन-तीनदा करावं लागतं.

उकळता चहा थंड पाण्यापेक्षा लवकर मुरतो, कारण उष्णतेने पृष्ठताण उतरतो आणि दुधातला स्निग्धांश त्यात भर घालतो. प्रोटेक्टर तुम्हाला टिपायला थोडी मिनिटं देतो, त्याहून जास्त काही नाही. सांडताक्षणी कोरडं कापड वरून ठेवून दाबा. घासलं तर द्रव थरातून आत ढकललं जातं.

हळदीचं प्रकरण आणखी वेगळं. तिचा रंग, कुर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून कोरडी हळद सांडली तर ओलं न करता व्हॅक्यूम करा, फोडणीचं तेल सांडलं तर आधी तेल टिपा. आणि हळदीच्या डागावर धुण्याचा सोडा किंवा साबण कधीही लावू नका. हळदीला चुन्यासारखा अल्कली पदार्थ लागला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होतं. सोफ्यावर तसलं कुंकू उमटलं तर घाबरू नका. पातळ व्हिनेगर टिपून लावलं की रंग परत पिवळ्यावर येतो. सुटं कव्हर असेल तर त्यानंतर दोन दिवस उन्हात घाला. कुर्क्युमिन उन्हात फिकं पडतं.

कुठे मारूच नये

रेक्झिन आणि चामडं याला हा प्रोटेक्टर चालत नाही. पॉलीप्रॉपिलीनच्या गालिच्यात पाणी तसंही मुरत नाही, तेल मात्र धरतं, आणि पाण्यातला प्रोटेक्टर त्याला नीट चिकटत नाही, तेव्हा पैसे वाया. नायलॉनच्या गालिच्यावर रंगीत सरबत सांडलं तर त्यातला आम्लधर्मी रंग धाग्याशी जोडला जातो. त्यासाठी स्टेन ब्लॉकर हे वेगळं रसायन लागतं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेला सोफा अजून वापरात असेल, तर त्याच्या वासाला आणि डागांना प्रोटेक्टर हा इलाज नाही. तो फोम बदला.

कोणती बाटली

जेवणाच्या खुर्च्यांना तेलाचा धोका रोजचा, तिथे फ्लोरोरसायनाला तोड नाही. पण त्याची दुसरी बाजू माहीत असावी. १९५६ पासून बाजारात असलेल्या थ्रीएमच्या स्कॉचगार्डमधलं जुनं, पीएफओएस या निसर्गात न मोडणाऱ्या फ्लोरोरसायनावर आधारलेलं रसायन कंपनीने २००० साली बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि २००९ मध्ये पीएफओएस चिवट प्रदूषकांवर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. त्याच्या जागी आलेली लहान साखळीची फ्लोरोरसायनंही निसर्गात सहजी मोडत नाहीत. म्हणून रांगतं मूल असलेल्या घरात दिवाणखान्याच्या गालिच्यासाठी फ्लोरिनशिवायचा प्रोटेक्टर घ्या आणि तेलाचे डाग टिपायची तयारी ठेवा.

फवारताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच. या बारीक फवाऱ्याचे कण फुफ्फुसात गेले तर खोकला आणि धाप लागते, दम्याच्या माणसाला त्या खोलीत थांबू देऊ नका. मास्क कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, तेव्हा सॉल्व्हंटची बाटली शक्यतो अंगणात किंवा गच्चीवर वापरा. त्याआधी देवघरातली समई, उदबत्ती आणि शेगडी विझवा. पिंजऱ्यातला पोपट शेजारी पाठवा, माशांच्या टाकीवर झाकण घाला.

उरलेलं द्रव मोरीत, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते मूळ बाटलीत परत भरा, झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. पंपात दोनदा थोडं थोडं आरओचं पाणी घालून ते पाणी सोफ्याच्या मागच्या बाजूवर फवारून संपवा. पंपाची तोटी काढून सुकू द्या, कारण आत सुकलेला प्रोटेक्टर पुढच्या वेळी गुठळीने बाहेर पडतो आणि पांढरे ठिपके पुन्हा तिथूनच सुरू होतात.